सरदारांचं घाटावरचं घर

कुरवंडी संस्थानात दवंडी पिटली: घाटावर, देवळात, बाजारात कुणी गांजा ओढायचा नाही, घरात ज्याचं त्याने बघावं. झालं, साऱ्या चिलमी घरात गेल्या. सरदार भुजंगराव मात्र घाटावर सतरंजी अंथरून खुशाल धूर सोडत बसायचे. पाणी भरायला आलेल्या बायका ठसकत, नाकाला पदर लावून रिकाम्या घागरींनी माघारी फिरायच्या.

कोतवालाने हात जोडले, तर सरदार गुरकावले, "सतरंजी माझ्या वाड्यातली. ती पसरली तिथे माझं घर! चालता हो."

कोतवाल माघारी फिरला. पण पाणी भरणाऱ्या बायकांतली गोदूआत्या गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी ती कोतवालासकट अख्खी आळी घेऊन घाटावर आली, सगळ्यांना वहाणा काढायला लावून सतरंजीवर बसवलं आणि पुढ्यात पत्रावळी मांडल्या.

"हे काय?" सरदार उडालेच.

"तुमच्या घरून कुणी उपाशी जात नाही, असं तुम्हीच सांगता ना? मग वाढायला सांगा. आता रोजच येऊ. वाड्याची चढण चढायला नको, घर कसं जवळ आलंय!"

नदीपलीकडून माणसांनी भरलेली एक नावही येताना दिसली, तसे सरदार ओरडले, "अगं बाई, हे काय माझं घर आहे? गावाचा घाट आहे हा!"

"ऐकलंस ना रे कोतवाला?" आत्या म्हणाली. "विझव ती चिलीम."

मग तिने टोपलीवरचं फडकं काढलं, भाकरी-पिठल्याचं पहिलं पान सरदारांपुढे ठेवलं आणि म्हणाली, "घाट गावाचा, तेव्हा आज जेवणही गावाचं. बसा, लाजू नका."