पायरीवरचं कुंकू

डोंगर चढून दमलात, आधी पाणी प्या. मौनीबाबाची समाधी आत आहे, ती काही पळून जात नाही. अगोदर ही पायरी बघा. दगड काळा आहे, पण काळा कुठं दिसतोय? बोटभर जाड कुंकू चढलंय. आमच्या गावच्या बायका आत पाऊल टाकत नाहीत. सवाष्ण असो, विधवा असो, नवऱ्यानं टाकलेली असो, इथं वाकायचं, पायरीला कुंकू लावायचं आणि तेच बोट आपल्या कपाळाला टेकवायचं. तू कोण, तुला हक्क आहे का, असं कुणी कुणाला विचारायचं नाही. ही रीत सारजापासूनची.

बाबा व्हायच्या आधी तो केरबा होता, खालच्या आळीतला. सारजा त्याची बायको. त्यांची चार वर्षांची भागू तापानं गेली, असं सांगतात. पाचव्या दिवशी केरबा उठला, ‘संसार खोटा आहे’ म्हणाला आणि इथं येऊन बसला. पोरीची वाकळ सारजानं एकटीनं जाळली.

बारा वर्षं तो बोलला नाही म्हणे. मौन धरायच्या आधी एकच उपदेश केला होता: मनात येईल ते बघा, ढकलू नका, नीट बघितलं की ते आपोआप निघून जातं. उपदेशाला नाव ठेवायला जागा नाही. शिष्य गोळा झाले. बाबांचा उजवा अंगठा शेजारच्या बोटावर सारखा घासायचा, ते बघून शिष्यही तसाच घाशीत डोळे मिटून बसू लागले. साक्षीमुद्रा म्हणायचे तिला.

इकडे सारजानं कुंकू लावलं की बायका म्हणत, ‘संन्याशाची बायको आणि नटतेय कुणासाठी?’ नाही लावलं की, ‘जित्या नवऱ्याचं मरण चिंतते बघा.’ बारा वर्षं झाली तसा दीर दारात आडवा उभा राहिला. ‘वहिनी, कुंकू पुसा, बांगड्या फोडा. संन्यास घेतला म्हणजे दादा मेलाच. हे जमत नसेल तर उंबऱ्याच्या आत राहायचं नाही.’

‘मेलाय म्हणता ना, त्यांनाच विचारून येते,’ सारजा म्हणाली आणि कुंकवाचा करंडा कमरेला खोचून डोंगर चढली.

शिष्यांनी तिला या पायरीवरच अडवलं. ‘बाई, आत नको. बाबांचं चित्त ढळेल.’

‘बारा वर्षं कमावलेलं चित्त माझ्या लुगड्याच्या वाऱ्यानं ढळेल होय?’ म्हणून ती पायरीवरच बसली. समोर तो दिसत होता. ‘अहो, मी सवाष्ण का रंडकी, एवढंच सांगा. बोलू नका, नुसती मान हलवा. त्याच्यावर माझं घर आहे.’

बाबा हलले नाहीत. शिष्यांना गहिवरून आलं, काय ही शांती! सारजा मात्र बोटांकडे बघत होती. तिचा आवाज कानी पडल्यापासून अंगठा जोरात चालला होता.

ती हसली. दात दिसावेत पण डोळे कोरडेच राहावेत, असं हसली. ‘अरे येड्यांनो, ही मुद्रा नव्हे. आईची दुधाची घागर फोडून मांजराचं नाव सांगताना हे असेच घाशीत होते. भागू तडफडत होती तेव्हा यांना वैद्याकडे धाडलं. परत येऊन म्हणाले, वैद्य घरी नाही. तेव्हाही अंगठा असाच चालला होता. वैद्य घरीच होता. मी मागनं विचारलं.’

अंगठा थांबला. बाबांनी डोळे उघडले.

‘ओढ्यापर्यंतच गेलो होतो,’ तो म्हणाला. बारा वर्षांतला पहिला शब्द हा. ‘पुढं पाय उचलेना. तिची तडफड बघवत नव्हती, लवकर संपावं असं वाटलं. इथं बसून मी राग बघितला सारजे, भूक बघितली, मरणाचं भय बघितलं. तो ओढा मनात आला की मान फिरवायचो. त्यालाच वैराग्य म्हणत राहिलो.’ मग खालच्या आवाजात म्हणाला, ‘चल, घरी येतो.’

जन्मात पहिल्यांदा सारजानं नवऱ्याला एकेरीत हाक मारली म्हणे. ‘केरबा, तू ज्याला भिऊन पळालास ते माझ्याबरोबर त्याच घरात होतं. मी त्याच्याकडे रोज बघितलं, दळताना, शेण सारताना. मला कुणी मुद्रा शिकवली नाही. आता तुझ्या जगण्याचं कुंकू नको मला आणि तुझ्या मरणाचं पांढरं कपाळही नको.’ तिनं करंडा पायरीवर पालथा केला, त्यातलंच चिमूटभर उचलून कपाळाला लावलं आणि खाली उतरली.

दिरानं ते कपाळ बघून दार लावून घेतलं. पुढची सारी वर्षं ती त्याच ओढ्याकाठी झोपडी घालून लोकांची शेरडं राखत जगली. तिच्यासाठी कुणी दार उघडलं नाही, खोटं कशाला सांगायचं.

केरबा त्या दिवसापासून आसन सोडून या पायरीवर बसला. येईल त्याला सांगायचा, ‘मी वैद्याकडे गेलो नव्हतो.’ शिष्यांना ते परवडेना. बाबांना भ्रम झाला, असं त्यांनी ठरवलं. तो मेल्यावर त्याला उचलून आत नेलं, समाधी बांधली आणि वर दगडी हात बसवला, अंगठा बोटावर टेकलेला.

आजही पुरुष आत जातात, त्या दगडी हाताला फूल वाहतात आणि डोळे मिटून अंगठा घाशीत बसतात. बायका इथं थांबतात. आत आपला माणूस बसला असेल तर त्याचा अंगठा किती जोरात चाललाय तेवढं इथूनच बघून घेतात, कुंकू लावतात आणि त्याची वाट न बघता डोंगर उतरतात.