मृणालवतीचा मुकुट आणि सोन्याची फणी

एका राज्यात सगळे काही सरळ होते, वारस राजकन्येचे केस तेवढे सोडून. मृणालवती तिचे नाव. सकाळी चापून बसवलेले केस दुपारपर्यंत पिंजलेल्या कापसासारखे फुगत. हवा दमट असली की दारातून जाताना तिला मान तिरपी करावी लागे. एका साळुंकीने त्या केसांत घरटे केले होते, आणि ती न विचारता सल्ले देई.

राजा थकला होता. अभिषेक आठ दिवसांवर आला होता. त्या राज्याचा नियम असा, की मुकुट घालून तीन वेळा वाकायचे: देवाला, पितरांना आणि प्रजेला. मुकुट पडला की राज्य गेले. मृणालवतीच्या डोक्यावर मुकुट टेकायचाच नाही, उसळून खाली यायचा. काका वक्रसेन मात्र आरशासमोर वाकण्याचा सराव करीत होते. राज्य हाती आले की गावोगावच्या तळ्यांवर पहारे बसवायचे, असा त्यांचा बेत होता.

राणी सुलोचनेने रोज सकाळी लेकीच्या केसांतून फिरणारी पणजीची सोन्याची फणी काढवली. "शंभर वेळा विंचरा."

दासीने शंभर वेळा विंचरले. केस दुप्पट फुगले.

"मग दोनशे वेळा विंचरा," राणी म्हणाली. राजवाड्यातल्या शहाणपणाची धाव एवढीच!

मृणालवती रडू लागली. "साळुंके, माझ्या केसांपायी लोकांचे पाणी जाणार."

"रडून केस बसत नसतात. जवसाच्या टेकडीवर जटामाला चेटकीण राहते. ऊठ."

जटामालेचे केस कमरेपर्यंत होते, आणि प्रत्येक बट काकडीच्या वेलाच्या तणाव्यासारखी वळलेली. तिने राजकन्येची एक बट बोटावर गुंडाळून पाहिली.

"शाप केसांना नाही, फणीला आहे. कोरड्या केसांतून ती फिरली की केस पिसाळतात. तुझे केस मुळात कुरळे. त्यांना सरळ करायला जाशील तर फसशील. तीन कामे कर. एक, कोरड्या केसांना फणी लावू नकोस. दोन, जवस उकळून त्याचा बुळबुळीत रस ओल्या केसांना चोळ, आणि गुंता बोटांनीच सोडव. तीन, जुन्या मऊ लुगड्याने पाणी टिपून घे, खसाखसा पुसू नकोस. मग पुरते वाळेपर्यंत हात लावायचा नाही."

"इतकेच?"

"तिसरे करून बघ, मग बोल."

साळुंकी काड्यांसकट खिडकीत राहायला गेली. पहिली दोन कामे सहज झाली. तिसऱ्याने मात्र राजकन्येला घाम फोडला. जन्मभर केस दाबण्याची सवय! हात आपसूक वर जाई, आणि हात लागला की तेवढी बट फुगून बसे. चौथ्या दिवशी ती स्वतःच्या हातांवर बसून राहिली. सहाव्या दिवशी राणी फणी घेऊन आली.

"अगं, लोक काय म्हणतील? आण इकडे डोके."

मृणालवतीने तिचे मनगट धरले. "आई, आता कोणी हात लावायचा नाही. तूसुद्धा नाही."

राणीच्या हातून फणी सुटली. जमिनीवर फणीचे दात एकेक करून गळाले आणि शाप संपला.

अभिषेकाच्या दिवशी वळणदार बटांवर मुकुट टेकला. देवाला वाकली, हलला नाही. पितरांना वाकली, हलला नाही. प्रजेला इतकी खाली वाकली की पुरोहितांनी डोळेच मिटले. बटांनी मुकुट घट्ट धरून ठेवला होता.

"हे कपट आहे! मला घालून पाहू द्या!" वक्रसेन ओरडले. त्यांच्या तेल थापलेल्या चपट केसांवरून मुकुट पहिल्याच वाकण्याला घसरला, नाकावर आपटला आणि पुरोहितांच्या पायावर पडला. तळी लोकांकडेच राहिली.

राणीने मुकुट उचलून लेकीच्या डोक्यावर ठेवला. मग भर दरबारात तिने डोक्यावरचा पदर मागे टाकला. तिचे केस भसकन चारी बाजूंना फुलले. राजा पाहतच राहिला.

"सासूबाईंना दिसू नयेत म्हणून जन्मभर झाकले गं," ती म्हणाली. "मला वाटायचे, तुझ्या नशिबी तरी हे नको."

मृणालवतीने आईला सिंहासनावर आपल्या शेजारी बसवले आणि राज्याचा पहिला हुकूम सोडला: "मुदपाकखान्यात सांगा, आज जवस दोघींपुरते उकळा."