उत्पलाचा श

"पण भन्ते, जे मूल तोंडच उघडत नाही, त्याला वाचायला शिकवायचं कसं?"

प्रसेनजितने हे विचारलं तेव्हा भन्ते विनयकीर्ती विहाराच्या ओट्यावर चिंचा फोडत बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"वाचायला?" ते म्हणाले. "एवढ्या सकाळी धावत आलास तो वाचायचं विचारायला?"

प्रसेनजित ओट्यासमोर उभाच राहिला.

वैनगंगेवरून येणारा वारा चांगलाच गार होता, तरी त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

भन्ते त्याला लहानपणापासून ओळखत. याच ओट्यावर पाटी घेऊन तो अक्षरं गिरवायला बसायचा. आता तो गावातल्या इंग्रजी शाळेत पहिलीचा सर झाला होता. नागपूरला जाऊन फोनिक्स ही वाचनाची पद्धत शिकून आला होता. अक्षराचं नाव घोकायचं नाही, अक्षराचा आवाज काढायचा. आवाजाला आवाज जोडत गेलं की शब्द आपसूक तोंडात येतो. त्याच्या वर्गातली पोरं दिवाळीच्या आतच कॅट, बॅट, मॅट वाचायला लागली, तेव्हापासून तो गावातून जरा मान ताठ करून चालायचा. भन्तेंनाही त्याने एकदा ऐकवलं होतं, "आपल्या वेळची घोकंपट्टी म्हणजे पोरांवर जुलूम होता, भन्ते."

भन्ते तेव्हा नुसते हसले होते.

"कोणाचं मूल?" त्यांनी विचारलं.

"वच्छलाबाईंची उत्पला."

"ती तर भारी बडबडी आहे."

"सोमवारपासून एक शब्द नाही. शाळेत नाही, घरी नाही. आईला पाणीसुद्धा मागत नाही."

भन्तेंचा हात थांबला.

"काल संध्याकाळी नदीकडून हाका येत होत्या," ते म्हणाले. "त्या तिच्यासाठीच?"

"हो…"

"सांग."

प्रसेनजितला ते आठवायचंसुद्धा नव्हतं. पण तो सांगू लागला.

काल शाळा सुटल्यावर तो वच्छलाबाईंच्या घरी गेला होता. पोरीशी दोन शब्द प्रेमाने बोलावेत, रुसली असेल तर समजूत काढावी, एवढंच मनात होतं. उत्पला अंगणात खेळत होती. त्याची गाडी वळणावर दिसली आणि ती उठली. तो उतरेपर्यंत अंगण रिकामं झालं होतं.

आधी कुणाला काही वाटलं नाही. असेल शेजारी, म्हणाले. मग शेजारी पाहिलं. मग विहिरीत वाकून पाहिलं. दिवस कलला तशी सगळी वस्ती बाहेर पडली आणि जो तो तिच्या नावाने हाका मारू लागला.

प्रसेनजित नदीकडे पळाला होता. पाण्याच्या कडेला एक चिमुकली चप्पल पडलेली. ती उत्पलाची नाही, बरीच जुनी आहे, चिखलात रुतून कडक झालेली आहे, हे त्याला कळलं, पण ते कळेपर्यंतच्या वेळात तो गुडघाभर पाण्यात उतरला होता आणि गाळात हाताने चाचपत होता.

"कुठे सापडली?" भन्तेंनी विचारलं.

"घरामागे. भाताच्या तणसाच्या ढिगाआड. गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. डोळे उघडे." त्याने तोंडावरून हात फिरवला. "तिला सगळ्यांच्या हाका ऐकू येत होत्या, भन्ते. तिची आई तिच्या अगदी जवळून रडत गेली. तरी तिने हूं की चूं केलं नाही."

त्याची नजर नदीकडे गेली.

"काल ढिगाआड होती," तो म्हणाला. "उद्या खरोखर पाण्यात पडली, तरी ती ओरडणार नाही."

भन्तेंनी चिंचा बाजूला सारल्या.

"वच्छलाबाईंनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, तुमच्याजवळ पाठवली तवा बोलत होती जी. मले माह्या पोरीचा आवाज वापस द्या."

"सोमवारी काय झालं?"

"शाळेत पाहुणे आले होते. वर्ग पाहायला."

"आणि तू?"

"मी काय?"

"तू कसा होतास त्या दिवशी?"

 सोमवारी सकाळीच मुख्याध्यापकांनी प्रसेनजितला बाजूला घेऊन सांगितलं होतं, पाहुण्यांसमोर वर्ग कमी पडला तर पुढच्या वर्षी तुमच्या नोकरीचं मी काही सांगू शकत नाही.  तेव्हापासून तो घोटभर पाणीही प्यायला नव्हता.

"ठीक होतो," तो म्हणाला.

भन्ते त्याच्याकडे पाहत राहिले.

"पाहुण्यांनी तिलाच उभं केलं," तो घाईने म्हणाला. "फळ्यावर शिप लिहिलं होतं. जहाज. ती म्हणाली, सिप. पाहुणे हसले. वाईट नाही हसले, पण हसले. मग मी तिला सुधारलं."

"कसं?"

"एस आणि एच शेजारी आले की श होतो. प्रत्येक आवाजाची एक खूण असते, मुलांना गंमत वाटते. श साठी ओठांवर बोट ठेवायचं. बाळ निजलं की आपण करतो तसं."

"दाखव."

प्रसेनजितने ओठांवर बोट ठेवलं आणि हलकेच केलं, "श्श…"

"सोमवारी असंच केलंस?"

"नाही."

"सोमवारी केलंस तसं कर."

तो वाकला. आपला चेहरा त्याने भन्तेंच्या चेहऱ्याजवळ नेला. बोट ओठांवर दाबलं. दातांच्या फटीतून हवा सुटली.

"श्श्श. श्श्श. श्श्श."

ओट्याखाली दाणे टिपणाऱ्या साळुंक्या उडाल्या.

भन्तेंनी मान मागे घेतली. फार नाही, जराशीच. तापल्या तव्याची धग लागावी तशी.

ती मान मागे जाताना प्रसेनजितने पाहिली आणि त्याच्या अंगावर काटा आला. सोमवारी उत्पलाची मान अशीच मागे गेली होती. तेव्हा ते त्याच्या डोळ्यांना दिसलं होतं, पण तो पाहुण्यांच्या चेहऱ्यांकडे लक्ष ठेवून होता.

"मी तिला श शिकवत होतो," तो पुटपुटला.

"हं."

"तिला वाटलं, मी तिला गप्प बस म्हणतोय."

"म्हणत नव्हतास?"

प्रसेनजित ओट्याच्या कडेवर बसला. 

भन्तेंनी आत हाक मारली. "वच्छला, पोरीला बाहेर आण."

त्याने दचकून मागे पाहिलं. मायलेकी आतच होत्या. त्याच्याही आधी, उजाडताच आल्या होत्या. भन्तेंना सगळं ठाऊक होतं, त्यांनी ते त्याच्या तोंडून ऐकून घेतलं होतं.

"नको, भन्ते." तो धडपडत उठला. "मला पाहिलं की ती पळेल. नदी इथून किती जवळ आहे, बघा ना. मी जातो. शाळाच सोडतो. तिला दुसरे सर येतील."

"शिकव तिला."

"ती बोलणार नाही."

"बोलती कर म्हटलं का मी? शिकव म्हटलं."

वच्छलाबाई दारात आल्या. त्यांच्या पदराला धरून उत्पला. केस विंचरलेले नव्हते, वेणीत तणसाची काडी अडकून राहिली होती. समोर सर दिसताच तिचे पाय जागीच थांबले. तिने पदर मुठीत गोळा केला आणि आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे, जिथून उतार थेट पाण्याकडे जात होता.

प्रसेनजितने ते पाहिलं. तो हलला नाही. एक पाऊल जरी पुढे टाकलं तर ती सुटेल, हे त्याला कळत होतं. तो होता तिथेच हळूहळू खाली बसला, ओट्यावर, मांडी घालून. त्याचं तोंड आता तिच्या तोंडाच्या खाली आलं.

आता बोलायचं होतं. एकच आवाज, जो त्याने शेकडो वेळा काढला होता.

तोंड उघडलं, पण आवाज येईना.

बोट आपोआप वर यायला पाहत होतं. त्याने तो हात मांडीखाली दाबून धरला.  उतारावरून धावणारी दोन लहान पावलं डोळ्यांपुढून जाईनात.

"श…"

तो आवाज मध्येच तुटला.

उत्पलाने पदर सोडला नाही. पण ती त्याच्याकडे पाहू लागली.

"श… श…"

ती एक पाऊल पुढे आली. पदर ताणला गेला. मग सुटला.

वच्छलाबाईंनी हात पुढे केला होता. भन्तेंनी नजरेनेच त्यांना थांबवलं.

उत्पला प्रसेनजितसमोर येऊन उभी राहिली आणि तिने आपला हात त्याच्या गळ्यावर ठेवला.

हे त्यानेच वर्गाला शिकवलं होतं. गळ्यावर हात ठेवून आवाज ओळखायचा. झ म्हटलं की गळा आतून गुणगुणतो. स म्हटलं, श म्हटलं, की नुसती हवा जाते, गळा स्वस्थ राहतो. पोरं एकमेकांच्या गळ्यांना हात लावून खिदळायची.

आता कोणी खिदळत नव्हतं. तिची बोटं गार होती.

"श…" तो म्हणाला.

तिच्या कपाळाला आठी पडली. तिने मान हलवली. चुकलं.

"श…"

पुन्हा मान हलली. तिने हात आणखी नीट टेकवला, कान देऊन ऐकावं तशी मान कलती केली. त्याला श्वास सोडायचंही भय वाटत होतं.

"श…"

"सर," उत्पला म्हणाली.

आवाज घोगरा होता, कितीतरी दिवस बंद असलेलं दार उघडावं तसा.

"श म्हणताना गळा हलत नाही ना, सर. तुमचा हलून राह्यला."

वच्छलाबाई दारातच खाली बसल्या. त्यांनी पदर तोंडात कोंबला होता.

प्रसेनजितच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. त्याने भन्तेंकडे मान वळवली, तशीच, घाईघाईने.

"भन्ते, बोलली ती. ऐकलंत ना? बोलली. आता सांगा, पुढे काय शिकवू हिला?"

"प्रसेन," भन्ते म्हणाले, "माझ्याकडे काय पाहतोस? तिचा हात अजून तुझ्या गळ्यावर आहे."