शीवआई आणि पाथरवटाचं नाव

ऐका शीवआई, तुमची कहाणी. बायांनो, अक्षता मुठीत धरा. चुळबुळ पुरे झाली.

नदीच्या अल्याड एक आटपाट नगर होतं, पल्याड दुसऱ्या राजाचं नगर होतं. मधे पूल होता, पुलावर शिवेचा दगड होता. अल्याड येसू नावाची पाथरवटाची बायको राही. नवरा पल्याड देऊळ बांधायला गेला. एक वर्ष झालं, दोन झाली, तीन झाली. मग दोन्ही राजांत वाकडं आलं, पुलावर चौकी बसली, येणंजाणं बंद झालं. गोसाव्यांना तेवढी मोकळीक, बाकीच्यांनी कोणाकडं जायचं त्याचं नाव सांगायचं.

मग एके दिवशी पल्याडचा गोसावी भिक्षेला आला. म्हणाला, "बाई, तुझा धनी परांचीवरून पडला. डोळे उघडत नाही. भेटायचं तर लवकर जा." येसूनं हातातलं काम टाकलं. होती तशी चौकीवर गेली.

शिपाई म्हणाला, "कोणाकडं?"

"आमच्या घरच्यांकडं."

"नाव?"

येसूनं पदर तोंडाला लावला. "नाव कसं घेऊ, दादा? बायकोनं नाव घेतलं की धन्याचं आयुष्य सरतं. पाथरवट आहेत बघा, उजवी करंगळी तुटकी."

"आमच्या वहीत नावं असतात, करंगळ्या नसतात. जा माघारी."

हसता काय गं बायांनो? तुम्ही तरी उखाण्यावाचून कधी घेतलंत?

दुसऱ्या दिवशी येसू शेजारणीला घेऊन आली. म्हणाली, "ही नाव सांगेल." शिपाई म्हणाला, "बायको तू का ती? तुझ्याच तोंडून हवं." गेली माघारी. तिसऱ्या दिवशी आली, तोंड उघडेना, पुलावरच रडत बसली.

शिवेच्या दगडावर एक म्हातारी बसली होती. एक पाय या राज्यात, एक पाय त्या राज्यात, आणि शिपायांना काही ती दिसत नव्हती. म्हातारी म्हणाली, "नावानं आयुष्य सरतं, हे तुला कोणी सांगितलं?"

"सासूबाईंनी."

"त्यांना कोणी?"

"त्यांच्या सासूबाईंनी."

"आणि त्यांना?"

येसूनं डोळे पुसले. मग म्हणाली, "आजी, ते आधीच मरणाच्या दारात आहेत. मी नाव घेतलं आणि काही झालं तर?"

"अगं वेडे, मी शीवआई. माझा वसा घे. दगडाला अल्याडून हळद लाव, पल्याडून हळद लाव, आणि आपल्या माणसाचं नाव मोठ्यानं घे. उतू नकोस, मातू नकोस, भिऊ नकोस."

मग येसूनं हळद लावली. पहिल्यांदा नाव छातीत अडलं. दुसऱ्यांदा ओठांवर अडलं. तिसऱ्यांदा तिनं डोळे मिटले आणि हाक घातली, "नागोजी!"

काय सांगू बायांनो! नदीचं पाणी वाहायचं थांबलं. घोड्यांनी कान टवकारले. पल्याडच्या घराघरांतून तीच हाक परत आली, नागोजी, नागोजी, नागोजी. चौकीचा अडसर आपोआप वर गेला. शिपायांनी पायातल्या वहाणा काढल्या, हात जोडले. येसू पुढं निघाली, आणि दगडावर पाहते तो म्हातारी नाही, नुसती ओली हळद.

मग ती नवऱ्याच्या बिछान्याशी आली. वैद्य उठून गेला होता. "अहो" म्हणाली, तो हलला नाही. "ऐकलंत का" म्हणाली, तो हलला नाही. मग कानाशी वाकून म्हणाली, "नागोजी."

त्यानं डोळे उघडले. "आई गेल्यापासून मला नावानं कोणी हाक मारली नव्हती," म्हणाला. "इथं सगळे पाथरवटच म्हणतात. मला वाटलं, माझं नाव मलाच ठाऊक. येसू, अजून एकदा म्हण."

ती म्हणाली, आणि तो उठून बसला.

जशी शीवआई येसूला पावली, तशी तुम्हांआम्हांला पावो, दूरदेशी गेलेली ज्याची त्याला भेटोत. साठ बोलांची ही कहाणी पाच बोलांत सांगितली, पुरी झाली, फळाला आली. आता अक्षता वाहा, आणि घ्या नाव, ज्याचं त्याचं, मोठ्यानं.