जावेच्या नावानं उपकारस्तुती

ऐका, आयाबायांनो, उपकारस्तुतीच्या वशाची कहाणी.

एक आटपाट गाव होतं. गावाला नदी होती, नदीकाठी अंबाडीची शेतं होती, टेकडीवर प्रभूचं कौलारू मंदिर होतं. त्या गावात दोन भाऊ राहत. थोरला बर्णबा, धाकटा सिलास. दोघं दोर वळीत. अंबाडी नदीत भिजवावी, सोलावी, बडवावी, तिचा वाख, म्हणजे तंतू, काढावा. मग एकानं चाक फिरवावं, दुसऱ्यानं कमरेला वाख गुंडाळून मागं मागं जावं, जाता जाता पीळ भरावा. दोघांनी मिळून करायचं काम. दावी करीत, कासरे करीत, मोटेचे नाडे करीत. पंचक्रोशीत नाव होतं. घर एक, चूल एक, अंगण एक.

थोरल्याची बायको दीनाबाई. तिची लेक सासरी नांदत होती. दीनाबाई हातानं चलाख, जिभेनं तिखट. धाकट्याची बायको तबिथा. बोलायला मऊ, पण लागलेला शब्द विसरायची नाही.

मग काय झालं? तबिथेला दिवस गेले, दिवस भरले, मुलगा झाला. एकदा रडला आणि गेला. तबिथा तापानं फणफणली, तिला कशाची शुद्ध राहिली नाही. ताप उतरला तेव्हा पाळणा माळ्यावर गेला होता. मग ती भिंतीकडं तोंड करून निजून राही. जेवेना, बोलेना, डोळे उघडेना. एका सकाळी दीनाबाई दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "ऊठ तबिथे. अंबाडी बडवायची पडलीय. निजून कुणाचं भलं झालंय?"

तबिथा उठली. अंबाडी बडवली. पण तो शब्द काळजात रुतला. त्यावर दुसरा शब्द चढला, तिसरा चढला. आज मिठावरून वाजलं, उद्या हंड्यावरून वाजलं, परवा काहीच नव्हतं तरी वाजलं. मग चुली दोन झाल्या. अंगणात मधोमध काट्यांचं कुंपण आलं. बायका बोलेनात म्हणून भाऊ बोलेनात. एक इकडं खुंटाला वाख बांधून एकटाच वळी, दुसरा तिकडं लिंबाला बांधून एकटाच वळी. एकट्यानं वळलेला दोर कुठं घट्ट, कुठं सैल. गिऱ्हाईक हातात घेई, ओढून बघी, खाली ठेवी.

तबिथा देवाधर्माची होती. रविवार चुकवीत नसे, उपास मोडीत नसे. रोज गुडघे टेकी आणि म्हणे, "प्रभू, माझ्या जावेला अक्कल दे. प्रभू, तिची जीभ आवर. प्रभू, ती मला काय म्हणाली ते तू विसरू नकोस." अशी प्रार्थना करी आणि बसली होती त्याहून जड होऊन उठे.

एके दिवशी दारी एक म्हातारी आली. हातात काठी, काखेत झोळी, झोळीत शुभवर्तमान. तिला सगळे एस्तेरआजी म्हणत. गावोगाव फिरायची, बायाबापड्यांना वाचून दाखवायची. म्हणाली, "बाई बाई, पाणी दे." तबिथेनं पाणी दिलं, गूळ दिला, बसायला पाट दिला. आजी पाणी प्याली. म्हणाली, "तुझ्यासाठी काय प्रार्थना करू?"

"माझ्यासाठी नको, आजी. माझ्या जावेसाठी करा. तिला सुधार म्हणावं देवाला."

आजी हसली. "देवाचं काम देवाला करू दे. तुला एक वसा सांगू का? पण तू घेशील, चार सकाळी करशील आणि सोडून देशील."

"नाही सोडणार, आजी. सांगा."

"मग ऐक. रोज चूल पेटवायच्या आधी जावेचं नाव घ्यायचं. तिच्यातली एक चांगली गोष्ट शोधायची, तिच्याबद्दल देवाचे उपकार मानायचे. तक्रार सांगायची नाही. तिला सुधार म्हणायचं नाही. रोज नवी गोष्ट हवी, कालची आज चालायची नाही. आणि खोटं बोलायचं नाही, ऐकणारा कोण आहे ते तुला ठाऊक आहे."

तबिथा म्हणाली, "आणि चांगलं काही सापडलंच नाही तर?"

"तर बघत राहायचं, बाई. बघितल्यावाचून कसं सापडेल?" आजीनं काठी घेतली आणि पुढच्या गावाला गेली.

पहिली सकाळ झाली. तबिथा चुलीपुढं बसली. हातात काडी, तोंडात शब्द नाही. पुष्कळ वेळानं म्हणाली, "प्रभू, दीनाबाई अजून उठली नाही, म्हणून तुझे उपकार मानते." आणि घाईघाईनं चूल पेटवली.

दुसरी सकाळ झाली. तबिथा म्हणाली, "प्रभू, दीनाबाई अंगण झाडून चकचकीत ठेवते, तिचा कचरा माझ्याकडं उडत नाही, म्हणून तुझे उपकार मानते."

तिसरी सकाळ झाली. तबिथा म्हणाली, "प्रभू, दीनाबाईचा आवाज एवढा मोठा, की तिकडं ओरडली तरी इकडची वानरं पळतात, म्हणून तुझे उपकार मानते."

मग पुढं अडलं. म्हणून तबिथा बघू लागली. कुंपणाआडून बघी, नदीवर बघी, मंदिरात बाकावरून मान वळवून बघी. दीनाबाई वाख विंचरताना एक धागा वाया घालवीत नाही, हे दिसलं. दीनाबाई नवऱ्याला पहिली भाकरी वाढते, आपण उरलेली खाते, हे दिसलं. मग एका सकाळी न बघताच आठवलं. तबिथा नवी नवरी होऊन आली तेव्हा पायात काटा मोडला होता. दीनाबाईनं तिचा पाय मांडीवर घेतला होता, सुईनं काटा काढला होता आणि सबंध वेळ कुठल्याशा खोडकर बोकडाची गोष्ट सांगून तिला हसवलं होतं. त्या सकाळी तबिथेनं उपकार मानले ते मनापासून मानले. चूल पेटवायची राहूनच गेली. सिलास म्हणाला, "आज चहा नाही का?" तेव्हा ती भानावर आली.

असं चाललं होतं. मग एक दिवस तबिथेची कोंबडी कुंपणातून पलीकडं गेली. दीनाबाईची डाळ वाळत पडली होती, कोंबडी डाळीत शिरली. दीनाबाईनं ढेकूळ फेकलं, कोंबडीचा पाय लंगडला. तबिथा ओरडली, दीनाबाई ओरडली, दोघींनी ओरडून गाव गोळा केलं. दुसऱ्या सकाळी तबिथा चुलीपुढं बसली आणि म्हणाली, "कशाचे उपकार आणि कशाचं काय!" नाव घेतलं नाही. तशीच काडी ओढली. वसा टाकला.

वसा टाकला आणि मन ओस पडलं. मंदिरात जाई, ओठ हलत, आत काही हलत नसे. गाणं म्हणे, सूर लागत नसे. आणि तशात सिलासनं एकट्यानं वळलेला नाडा एका मळेवाल्याच्या मोटेला लावला होता, तो भर उपशात तुटला. मोट विहिरीत गेली, बैल तोंडावर पडले. देवाची दया, बैल वाचले. पण मळेवाला दारात येऊन तुटका नाडा टाकून गेला. म्हणाला, "सिलासराव, तुम्ही भाऊ एकत्र होता तेव्हा आम्ही डोळे मिटून माल नेत होतो. आता नको."

सिलास खाली बसला. म्हणाला, "तबिथा, इथलं अन्नपाणी संपलं आपलं. साखर कारखान्यावर जाऊ. उद्या गाडी सांगतो. सामान बांध."

तबिथेनं भांडी बांधली, पांघरुणं बांधली. दुसऱ्या सकाळी चुलीपुढं बसली. आता ही चूल पुन्हा पेटायची नाही, असं मनात आलं आणि तिला रडू फुटलं. म्हणाली, "प्रभू, दीनाबाई..." पुढं शब्द येईना. राग येई, तो सांगायचा नव्हता. चांगलं सुचेना, खोटं बोलायचं नव्हतं. मग एस्तेरआजीचं बोलणं आठवलं. म्हणाली, "प्रभू, आज माझ्यापाशी काही नाही. पण मी बघते. मला दाखव."

दुपारी दीनाबाई घराबाहेर पडली. एका हातात पाण्याची कळशी, दुसऱ्या हातात खुरपं. रविवार नव्हता, सण नव्हता, तरी टेकडी चढू लागली. तबिथा मागून निघाली. दीनाबाई मंदिरात गेली नाही. मागं दफनभूमी होती, तिच्या कोपऱ्यात गेली. तिथं एक लहानशी माती होती, हातभर. भोवती गोल गोटे मांडलेले, उशाशी सदाफुली फुललेली. दीनाबाई खाली बसली. गवत खुरपलं, सदाफुलीला पाणी घातलं, मातीवरून हात फिरवला, जसा निजलेल्या लेकराच्या पाठीवरून फिरवतात.

तबिथेच्या पायाखाली काटकी मोडली. दीनाबाईनं वळून पाहिलं.

"तू? तू कशाला आलीस?"

"जाऊबाई, हे कुणाचं?"

"कुणाचं म्हणून काय विचारतेस? तुझ्या पोराचं."

तबिथा पुढं येऊन मातीजवळ बसली. "तुम्ही इथं येता?"

"कुणीतरी यायला नको? तू येत नव्हतीस."

"मला कुणी जागा दाखवली नाही, जाऊबाई."

"तू विचारलं नाहीस. आणि मी सांगायला आले असते, तर तू दार लावून घेतलं असतंस."

ते खरं होतं. मग दीनाबाई खालच्या आवाजात बोलू लागली. "तू तापात होतीस. मीच आंघोळ घातली त्याला. माझ्या लुगड्याचा मऊ पदर फाडून त्यात गुंडाळलं. सिलास तुझ्या उशाशी बसून होता, तुझ्या भावजींनी खड्डा खणला. पाद्रीसाहेबांनी प्रार्थना केली."

तबिथा रडत म्हणाली, "एवढं केलंत, मग मला तसं का बोललात? निजून कुणाचं भलं झालंय, असं का म्हणालात?"

दीनाबाईनं खुरपं खाली ठेवलं. "माझाही पहिला असाच गेला, तबिथे. तू या घरात यायच्या आधी. सासूबाई मायाळू. म्हणाल्या, पडून राहा. मी पडून राहिले. आधी रडले, मग रडायचं सुटलं, मग बोलायचं सुटलं. दोन पावसाळे मी माणसांत नव्हते. तुझं तोंड भिंतीकडं पाहिलं आणि मला धडकी भरली. म्हटलं, हिला उठवायचं, शिव्या घालून का होईना. मला गोड बोलता येत नाही गं. काम सांगता येतं, तेच सांगितलं."

वाऱ्यानं सदाफुली हलली. दीनाबाई म्हणाली, "एक राहिलंय. याला नाव नाही. मी देवापुढं 'आमचं बाळ, आमचं बाळ' म्हणते. आई तू आहेस, नाव तू ठेव."

तबिथेनं मातीवर हात ठेवला. म्हणाली, "शांतवन."

"शांतवन," दीनाबाई म्हणाली. "चांगलं आहे."

मग तबिथेनं डोळे पुसले आणि वशाचं सांगितलं. "जाऊबाई, मी रोज सकाळी तुमच्या नावानं देवाचे उपकार मानीत होते."

"माझ्या नावानं? कशाबद्दल?"

"पहिल्या दिवशी, तुम्ही उठला नव्हता म्हणून."

दीनाबाईनं तिच्याकडं टक लावून पाहिलं. मग हसू लागली. तबिथाही हसू लागली. दफनभूमीत बसून दोघी जावा पोट धरधरून हसल्या, आणि हसता हसता एकमेकींच्या गळ्यात पडल्या.

मग टेकडी उतरल्या. दारात गाडी उभी होती, सिलास सामान चढवीत होता. दीनाबाई गाडीवानाला म्हणाली, "बाबा, गाडी परत ने, इथून कुणी जात नाही." आणि दोघींनी पदर खोचून कुंपण उपटायला घेतलं. बोटांना काटे टोचले, रक्त आलं, तरी थांबल्या नाहीत. बर्णबा बाहेर आला, बघत उभा राहिला. मग चाकाजवळ जाऊन बसला. सिलासनं कमरेला वाख गुंडाळला. एक फिरवी, एक मागं मागं जाई. पहिला नाडा झाला तो दोघांनी मळेवाल्याच्या विहिरीवर नेऊन बांधून दिला, पैसे घेतले नाहीत. मोट चालली, पाटाला पाणी आलं, बोलबाला झाला. गिऱ्हाइकं परत आली. घर पुन्हा एक झालं, चूल एक झाली.

मग हंगामाचा सण आला. कुणी मंदिरात बाजरीची कणसं आणली, कुणी भोपळे आणले, कुणी ऊस आणले. या घरानं घंटेसाठी नवा दोर आणला. तबिथेनं उभं राहून साक्ष दिली. म्हणाली, "मी देवाकडं जाऊ सुधारून मागत होते. त्यानं मला डोळे दिले. त्याचे उपकार." सगळी मंडळी आमेन म्हणाली. दीनाबाई मात्र गप्प बसून राहिली.

दुसऱ्या सकाळी तबिथा उठली तर चुलीपुढं आधीच कुणीतरी बसलं होतं. हातात काडी होती, डोळे मिटलेले होते आणि आवाज असा की नदीपलीकडं ऐकू जावा. दीनाबाई म्हणत होती, "प्रभू, ही तबिथा इतकी हळू बोलते की मला निम्मं ऐकूच येत नाही. पण ती माझ्या मागून टेकडी चढून आली, म्हणून तुझे उपकार मानते." आणि तिनं चूल पेटवली.

जशी तबिथेला जाऊ मिळाली, दीनाबाईला जाऊ मिळाली, भावाला भाऊ मिळाला, तसं ज्याचं माणूस दुरावलं असेल त्याला ते मिळो. ज्याला चांगलं दिसत नसेल, त्याला प्रभू दाखवो. सांगणारीच्या चुलीला आणि ऐकणाऱ्यांच्या चुलींना तोच आशीर्वाद लाभो. ही साठां उत्तरांची कहाणी, एका आमेनात सुफळ संपूर्ण. म्हणा बायांनो, आमेन.