धुतलेली चादर

गॅरेजवाले उद्धवशेठ पांढराशुभ्र सदरा घालून नुसते हुकूम सोडायचे. शेवंताकाकूंच्या जुन्या ट्रॅक्टरचं पॉवर स्टेअरिंग तिसऱ्यांदा गळायला लागलं, तेव्हाही कारागिराकडून काम उरकून घेऊन ते ऐटीत म्हणाले, "नवं सील बसवलंय. आता तेलाचा थेंब गळायचा नाही!"

काकूंनी ट्रॅक्टरखाली घरची धुतलेली चादर अंथरली आणि इंजिन सुरू केलं. "शेठ, मी स्टेअरिंग पार कडेपर्यंत वळवते, म्हणजे तेलावर पुरता दाब येईल. तुम्ही खाली आडवं होऊन बघा."

शेठ दचकले. "अहो काकू, सदरा खराब होईल माझा!"

"कशानं? चादर तर धुतलेली आहे."

शेठनी सदरा काढून खुंटीला अडकवला आणि स्वतः पाना हातात घेतला.

संध्याकाळी तोच सदरा घालून ते आपणहून चादरीवर आडवे झाले. "वळवा, काकू."