हातांमधली काठी

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. कधीचं, ते विचारू नका. अशी गावं सगळ्याच काळात असतात. गावातले लोक रंगाने उजळ, डोंगरवस्तीतले काळे. एवढ्याशा कारणावरून गावाने वस्तीला कायमचं लांब ठेवलं होतं.

एका उन्हाळ्यात डोंगर पेटला. आग विझली, पण धूर लोकांच्या छातीत जाऊन बसला. मोठी माणसं खोकत, लहान मुलं धापा टाकत. पाटलीणबाईंची एकुलती एक लेक तर अंगणात चालली तरी निळी पडायची. पाटलीणबाईंचा जीव टांगणीला लागला होता.

अशात एक साधूबाबा आले. म्हणाले, "रोज सकाळी पटांगणात बसा. हातात हात घालून कडं करा, डोळे मिटा आणि एका लयीत श्वास घ्या. ज्याचा श्वास थकलाय त्याला शेजारचा सावरेल. धूर सगळ्यांनी गिळलाय, तेव्हा बरं व्हायचं तर सगळ्यांनी मिळूनच."

सगळे म्हणजे वस्तीसुद्धा! गावात खलबतं झाली आणि तोडगा निघाला. गाव आणि वस्ती यांच्या मधे एका बाजूला बाबांनीच बसायचं. दुसऱ्या बाजूला हाताऐवजी काठी धरायची. गाव आपल्या हुशारीवर भलतंच खूश झालं.

"अरे, काठीला श्वास नसतो," बाबा म्हणाले.

"चालवून घ्या, बाबा," गाव म्हणालं.

काठीचं गावाकडचं टोक मानाने पाटलीणबाईंकडे आलं. दुसरं टोक वस्तीतल्या एका बाईकडे. दोघींच्याही मांडीवर धापा टाकणारं लेकरू. काठी धरण्याआधी ती बाई रोज आपला हात पुढे करायची.

"पाटलीणबाई, पोरांसाठी तरी हात द्या. डोळे मिटल्यावर कोण बघतंय?"

"तुला बोलायला काय जातंय गं? मला या गावात राहायचंय," पाटलीणबाई म्हणायच्या.

एके सकाळी त्या बाईच्या मुलाचा घसा घरघरू लागला. पाटलीणबाईंनी हळूच डोळे उघडले. पाटलांचे डोळे मिटलेले, पुजाऱ्याचे मिटलेले, साऱ्या गावाचे मिटलेले. कोणाचाच पहारा नव्हता. काठीशेजारी तो काळा हात उघडा होता. पाटलीणबाईंना लाज वाटली. मग त्यांनी काठी आणखी घट्ट धरली आणि डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी ती बाई आली, पण बसली नाही. तिच्या कडेवर कोणी नव्हतं. मागे सारी वस्ती बोचकी घेऊन उभी होती.

"पोरगा?" पाटलीणबाईंनी विचारलं.

"रात्री गेला. आम्ही डोंगरापलीकडे चाललोय."

पाटलीणबाईंनी काठी भिरकावली आणि भर गावासमोर हात पुढे केला. "थांब गं! हा घे हात. माझी लेक तरी वाचू दे!"

बाईने त्या हाताकडे पाहिलं.

"काल तुम्ही डोळे उघडलेत," ती म्हणाली. "कोणी बघत नव्हतं. मी बघत होते."

एवढं बोलून ती वळली. तिच्यामागून वस्ती गेली, आणि बाबाही उठून गेले.

गावाने आपापसांत हात धरून पाहिले. धूर छातीतून हलला नाही. पाटलीणबाई आजही पटांगणात येतात, डोळे मिटतात आणि रिकाम्या जागेकडे हात पुढे करून बसतात. गावातलं कोणी तो हात धरायला आलं, तर झटकून टाकतात.

"आई, तू हात कोणाला देतेस?" मांडीवरची लेक धापा टाकत विचारते.

पाटलीणबाई हात तसाच पुढे धरून ठेवतात. लेकीचा श्वास दिवसेंदिवस तोकडा होत चालला आहे.

तात्पर्य: कोणी बघत नसतानाही जो हात आपल्याच्याने देववला नाही, तो वेळ गेल्यावर भर गावासमोर पुढे केला, तरी कोणाचाच श्वास परत येत नाही.